रडारवर वेग वाढवत जाणारं लक्ष्य डॉपलरमध्ये (परतलेल्या लहरीच्या वारंवारतेतला फरक, ज्यावरून वेग कळतो) पसरतं. इंटिग्रेशन टाइम (सिग्नल गोळा करायचा वेळ) वाढवला तर ठळक होईल का? की कीस्टोन ट्रान्सफॉर्म लावला की भागेल?

ठळक होणार नाही, आणखी पुसट होईल. नाशिकला बीईच्या शेवटच्या वर्षी याच मुद्द्यावर माझं आणि आमच्या प्रोजेक्ट गाइडचं वाजलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे २४ गिगाहर्ट्‌झचं साधं सीडब्ल्यू (अखंड लहर सोडणारं, फक्त वेग सांगणारं) रडार मॉड्यूल होतं, तरंगलांबी १२.५ मिलिमीटर. गंगापूर धरणाच्या रस्त्याला सकाळी रहदारी कमी. तिथे मित्र मोटारसायकलवर सरळ आमच्या दिशेने यायचा. एकाच वेगाने आला की डॉपलरमध्ये नेमकं टोकदार शिखर. जागेवरून पिकअप घेत आला की चपटा ढिगारा. सर म्हणाले, "एफएफटीचे (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करणारं गणित) पॉइंट्स वाढव, एसएनआर (नॉइजच्या तुलनेत सिग्नल) आपोआप वाढेल. पुस्तकात आहे."

पुस्तकात आहे, पण ते स्थिर वेगासाठी. त्वरण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. डॉपलर दर सेकंदाला २a/λ (a त्वरण, λ तरंगलांबी) म्हणजे ४८० हर्ट्‌झने सरकतो. ०.१ सेकंदाच्या खिडकीत (एका एफएफटीला घेतलेल्या तुकड्यात) ४८ हर्ट्‌झ, आणि बिन (एफएफटीचा एक कप्पा, रुंदी १ भागिले खिडकीचा वेळ) १० हर्ट्‌झचा, म्हणजे लक्ष्य जवळजवळ ५ बिनमध्ये पसरलं. खिडकी चौपट केली की सरकणं १९२ हर्ट्‌झ, बिन २.५ हर्ट्‌झचा: ७७ बिन! वेळ चौपट, पसारा सोळापट. शिखराची उंची तिथेच अडकते आणि नॉइज मात्र वाढत राहतो. मी हे फळ्यावर मांडून दाखवलं. सरांनी डस्टर फिरवला आणि अहवालात "हार्डवेअर नॉइज" लिहायला लावलं. ते वाक्य मला आजही सलतं.

उपाय अवघड नव्हता. त्वरणाचा अंदाज धरायचा, सिग्नलला exp(−j२πat²/λ) ने गुणायचं (चिन्ह तुमच्या आयक्यूच्या, म्हणजे सिग्नलच्या दोन घटकांच्या, पद्धतीप्रमाणे), मग एफएफटी. यालाच डीचर्प म्हणतात. अंदाज बरोबर असेल तिथे ढिगारा पुन्हा शिखर होतो. अंदाजाची पायरी साधारण λ/२T² (T खिडकीचा वेळ) पुरते. ०.१ सेकंदाला −५ ते +५ मध्ये सोळा-सतरा अंदाज झाले, लॅपटॉपला काहीच नाही. पण ०.४ सेकंदाला तेच अडीचशेच्या वर जातात.

कीस्टोनबद्दल: तो रेंज वॉक (लक्ष्य अंतराच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकणं) काढतो, तोही वेगामुळे होणारा. त्वरणाचा वर्गातला फेज तसाच राहतो. म्हणजे कीस्टोननंतरही वरचं डीचर्प करावंच लागतं. (आमच्या सीडब्ल्यूला रेंजच नव्हती, त्यामुळे तो भाग मी नंतर नोकरीत शिकलो.) विग्नर-विलेच्या (वेळेनुसार वारंवारता दाखवणारी दुसरी पद्धत) नादी लागू नका. दोन लक्ष्यं आली की क्रॉस-टर्म्स (दोन्हींच्या गुणाकारातून येणारी पदं) मध्येच तिसरं खोटं लक्ष्य उभं करतात.

आणि हे सगळं मोटारसायकलचं. ओझरवरून सुखोई उडताना पाहिलं असेल, तर ५० मीटर प्रति सेकंद वर्गाचं वळण घेणारं विमान मनात आणा. ३ सेंटिमीटर तरंगलांबीला, त्वरण सगळं रडारच्या रेषेत असेल तर, त्याच ०.१ सेकंदात ३३ बिन. तिथे "पॉइंट्स वाढव" म्हणणाऱ्याला लक्ष्य सापडणारच नाही.

तुमचे गाइडही तेच म्हणत असतील तर वाद घालत बसू नका. एकाच रेकॉर्डिंगचे डीचर्पआधीचा आणि नंतरचा असे दोन आलेख अहवालात शेजारी छापा. कच्चा आयक्यू डेटा स्वतःकडे ठेवा, बाह्य परीक्षकासमोर तोच उपयोगी पडतो.

एक राहिलं. गिअर बदलताना त्वरणच बदलतं, तेव्हा एवढ्याने भागत नाही. तिथे खिडकी लहान घ्या किंवा t³ ची टर्म जोडा.