बाहेर बनवून आणलं म्हणजे माल खराबच का?

प्रश्न: एकाच ब्रँडची इस्त्री दोनदा घेतली. पहिली चौदा वर्षं चालली, दुसरी तीनच वर्षांत गेली, आणि उलटी करून बघितली तर ती दुसऱ्याच देशात बनलेली. स्वस्त मजुरीसाठी कारखाने बाहेर नेले की क्वालिटी जाणारच ना? आणि फेअर ट्रेडचं, म्हणजे रास्त व्यापाराचं, लेबल बघून घेतलं तर तिकडच्या कामगारांना खरंच काही मिळतं का?

उत्तर: तुमची चिडचिड रास्त आहे, पण दोष त्या देशाचा धरू नका, कारण महागातले, उत्तम चालणारे कितीतरी फोनसुद्धा चीनमध्ये जोडले जातात आणि तिथलेच दुसरे कारखाने वर्षभरात मोडणाऱ्या वस्तूही बनवतात. फरक पडतो तो ऑर्डर देणाऱ्याने काय मागितलंय आणि त्याचे किती पैसे मोजलेत याने.

होतं असं की पहिलं सॅम्पल झकास येतं, ऑर्डर पक्की होते, मग पुढच्या वर्षी कंपनी म्हणते भाव कमी करा, त्याच्या पुढच्या वर्षी परत तेच, आणि कारखानदार तो पैसा आणणार कुठून, तर आतली वायर जरा बारीक होते, प्लास्टिक पातळ होतं, किंवा कामाचा एखादा भाग तो गुपचूप तिसऱ्याकडे देऊन टाकतो. २००७ मध्ये मॅटेल या अमेरिकन कंपनीच्या खेळण्यांच्या रंगात शिसं सापडलं तेव्हा काही खेळण्यांच्या बाबतीत हेच झालेलं, रंगाचं काम परस्पर दुसरीकडे गेलं होतं. पण त्याच वर्षी परत मागवलेल्या खेळण्यांपैकी बहुतेक खेळणी सुट्या होणाऱ्या लोहचुंबकांमुळे परत घ्यावी लागली, आणि तो दोष कंपनीच्या स्वतःच्या डिझाइनचा होता, तसं तिने चीनची माफी मागताना कबूलही केलं. म्हणजे तुमची इस्त्री कारखान्यात बिघडली की कागदावरच स्वस्त करून ठेवली होती, हे नुसतं देशाचं नाव वाचून नाही कळणार.

आता कामगारांचं. मला हा वेगळा प्रश्न वाटतच नाही, कारण ज्या भावाने वायर बारीक होते त्याच भावाने ओव्हरटाइम बुडतो आणि जिन्याच्या दाराला कुलूप लागतं. राणा प्लाझा आठवा, बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर गावात २४ एप्रिल २०१३ ला कोसळलेली इमारत. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद झाली, वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या लोकांना मात्र कामावर बोलावलं, १,१३४ माणसं गेली. आणि नुसत्या सर्टिफिकेटवरही जाऊ नका, कराचीतल्या ज्या कारखान्यात सप्टेंबर २०१२ मध्ये आगीत अडीचशेहून जास्त कामगार मेले, त्याला काही आठवड्यांपूर्वीच चांगल्या कारखान्याचा दाखला मिळाला होता! हे वाचलं की मला अजूनही सुन्न व्हायला होतं.

फेअरट्रेडचं लेबल चांगलं आहे, पण ते मुख्यतः कॉफी, कोको, केळी, कापूस अशा शेतमालाचं. त्यात बऱ्याच पिकांना किमान भाव ठरलेला असतो आणि वर एक जादा रक्कम मिळते, ती कशावर खर्च करायची ते शेतकऱ्यांची संस्था ठरवते. शर्टावर कापसाचं लेबल असेल तर ते पिकवणाऱ्याबद्दल सांगतं, शिवणाऱ्याबद्दल नाही. इस्त्रीवर असं लेबल शोधत बसू नका.

बांगलादेशी कपडे घ्यायचेच नाहीत असं काही जण ठरवतात, मला ते पटत नाही, त्याने आधी त्या शिवणाऱ्या बाईचीच नोकरी जाते. राणा प्लाझानंतर ब्रँड आणि युनियन यांच्यात कायद्याने बांधील असा अकॉर्ड नावाचा सुरक्षा करार झाला, स्वतंत्र इंजिनियर कारखान्यांत जाऊन इमारती, वायरिंग, जिने तपासायला लागले, कारण तिथे सही करणाऱ्या ब्रँडला हात झटकता येत नव्हते. म्हणून कपडे घेताना ब्रँडने अकॉर्डवर सही केलीय का आणि कारखान्यांची यादी जाहीर केलीय का ते बघा, बरेच मोठे ब्रँड ती वेबसाइटवर टाकतात. आणि इस्त्रीसाठी दुकानात एवढंच विचारा की वॉरंटी किती वर्षांची आणि सुटे पार्ट मिळतात का.