वाचलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून शिक्षण सोडू नका

पती गेल्यानंतर अर्धवट राहिलेली पदवी तुम्ही पुन्हा हाती घेतलीत, पण तेच पान कितीदा वाचलं तरी कोरंच वाटतं, आणि आता हे वय नाही म्हणून सोडावं असं तुम्हाला वाटतंय. कृपा करून सोडू नका. घरातलं मोठं आजारपण निस्तरून मी स्वतः चाळिशीत पुन्हा परीक्षा दिल्या, पुढे अशाच कित्येकांना अभ्यासाला बसवलं. सुरुवातीच्या महिन्यांत हेच गाऱ्हाणं जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकलंय.

बुद्धी कुठे गेलेली नसते. दुःख, काळजी, हिशेब यांतच लक्ष अडकलेलं असतं, त्यात झोप अपुरी. वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे रात्री जागून अभ्यास करणं आधी थांबवा.

आणि नुसतं वाचत राहू नका. रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्याच जास्त लक्षात राहिलं होतं.

तेव्हा एक पान वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. पहिल्यांदा दोन-तीन तुटक ओळी येतील, एखादी व्याख्या अर्ध्यावर अडेल. येऊ द्या. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने त्याच कागदावर भरा. दुसऱ्या दिवशी नवं काही घेण्याआधी तेच पान कोऱ्या कागदावर पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. लाल शाई कमी होत गेलेली तुमची तुम्हालाच दिसेल. खचलेल्या माणसाला हे दिसणं फार गरजेचं असतं, कुणाच्या शाबासकीपेक्षाही.

पूर्वी पास झालेले विषय धरले जातात का, एका वेळी कमी विषय घेता येतात का, हे संस्थेकडून लेखी घ्या. एखाद्या शिक्षकांना परिस्थिती थोडक्यात सांगून ठेवा. सगळी कहाणी सांगायची गरज नाही, कोणत्या वेळी जमणार नाही एवढं पुरे. आणि पतींच्या स्मृतिदिनाच्या आसपास नवा धडा काढू नका. ते दिवस जुन्या कागदांच्या उजळणीसाठी ठेवा, तेवढंही नाही झालं तरी चालेल.