पहिलाच सर्व्हर घेताय? व्हीपीएसपासून सुरू करा

भाऊ, इतवारीतल्या होलसेल दुकानाची ऑर्डर साइट आणि बिलिंग एवढंच चालवायचं असेल, तर डेडिकेटेड सर्व्हरच्या (अख्खं मशीन भाड्याने) फंदात आत्ताच पडू नका. २ कोअर, ४ जीबी रॅमचा व्हीपीएस, म्हणजे एका मोठ्या मशीनचा वेगळा काढलेला भाग, भाड्याने घ्या. दिवाळीत गर्दी वाढली तर रॅम वाढवायला बहुतेक ठिकाणी एक रीस्टार्ट पुरतो. डेडिकेटेडमध्ये त्यासाठी कोणाला तरी डेटा सेंटरमध्ये मशीन उघडावं लागतं.

डेडिकेटेडमध्ये अख्खं मशीन तुमचं, हे खरं. व्हीपीएसमध्ये एकाच मशीनवर अनेक गिऱ्हाइकं असतात. साइट अडखळली तर लिनक्सवर 'टॉप' (top) कमांड चालवा आणि 'एसटी'चा (st) आकडा बघा, तो टक्क्यांत असतो. तो सतत १०च्या वर असेल तर तुमच्या वाट्याचा प्रोसेसर दुसरीकडे जातोय. सर्व्हर देणाऱ्या कंपनीला सांगा, नाही ऐकलं तर सरळ कंपनी बदला. मोठा प्लॅनही दिवसभर भरलेला राहायला लागला, की मग डेडिकेटेडचा विचार.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- स्वस्त म्हणून अनमॅनेज्ड (देखभाल आपणच करायची तो) घेतात. अपडेट, फायरवॉल सगळं अंगावर येतं. हाताशी जाणकार नसेल तर मॅनेज्डच (देखभाल कंपनी करते तो) घ्या.
- गिऱ्हाईक विदर्भातलं, सर्व्हर अमेरिकेतला, मग साइट हळू उघडते. मुंबईचं डेटा सेंटर निवडा.
- रेडलाच (RAID, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याची सोय) बॅकअप समजतात. चुकून उडवलेली फाइल दोन्ही डिस्कवरून जाते! रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि अधूनमधून ती परत चढवून बघा. बाकी काही नाही जमलं तरी हे कराच.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी महिन्याचा प्लॅन घ्या. बिनधास्त सुरू करा, अडलं तर विचारा.