ॲपच्या आधी करारनामा वाच

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

आपल्या आंबा बागायतदारांच्या संस्थेने संगणकाचं काम तुझ्याकडे दिलं, बरं झालं. सभासदांच्या नि बागांच्या नोंदी ठेवायला कंपनीचं फुकट ॲप घ्यायचं का, असं विचारतेस. घ्यायचं तर घे, पण आधी करारनाम्यात एवढं शोध: उद्या आपण ते सोडलं, तर सभासदांच्या सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये काढून मिळणार का, आणि त्यांच्याकडच्या पुसल्या जाणार का? तोंडी "हो हो, देऊ की" चालायचं नाही.

फुकट का देतात? बाग कुठे, कलमं किती, मोहोर कसा, फळ कधी उतरणार, हे शे-दोनशे बागांचं एकत्र ज्याच्या हाती पडतं त्याला वाशीच्या बाजारात आवक कधी वाढणार ते बागायतदाराच्या आधी कळतं. मग सौद्यात वरचढ कोण, ते तूच सांग.

आपल्या कोकणातली खरी गुंतागुंत मात्र सातबाऱ्यावर आहे. घाटावरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. सामाईक सातबारा, त्यावर वीस नावं, निम्मी मुंबईला, आणि बाग तिसऱ्यानेच खंडाने घेतलेली. ॲपमध्ये मात्र 'शेतकऱ्याचे नाव' असा एकच रकाना! तू दोन कर. जमीन कोणाची हा एक, यंदा बाग कोण करतंय हा दुसरा. निर्यातीला फवारणीची नोंद लागते आणि ती असते खंडकऱ्याच्या वहीत. पुढच्या साली खंडकरी बदलला की वही त्याच्याबरोबर गेली. म्हणून खंडाच्या कागदातच घालून घ्यायचं, की औषध, मात्रा, तारीख यांची नक्कल संस्थेत जमा होईल. मोहोर यावा म्हणून कलमाच्या मुळाशी घालतात ते कल्टार घातलं असेल तर तेही लिहायचं. ते मातीत राहतं, पुढच्या माणसाला कळायला नको?

दुसरं म्हणजे पट्ट्या, म्हणजे अडत्याकडून येणारे विक्रीचे हिशेब. सभासदांनी अडत्याच्या पट्टीचा फोटो तेवढा पाठवावा: पेट्या, भाव, हमाली, तोलाई, भाडं. २०१६ पासून फळांची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, खरेदीदाराने द्यायची आहे, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही. पन्नास पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की कुठे कुठल्या नावाने काय कापलं जातं ते दिसायला लागतं. सरासरी भाव सगळ्यांना दाखव, कोणाला किती मिळाला ते नावासकट नको. गावात त्यावरून भांडणं लागतात.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आता अस्सल हापूस ओळखता यावा म्हणून फळावर कोडचे स्टिकरही आलेत. पण कोड किती द्यायचे ते कलमांच्या आकड्यावरून ठरवायचं. तो आकडाच फुगलेला असला तर बाहेरून आणलेला आंबाही आपल्या कोडखाली खपेल. तेव्हा कलमं प्रत्यक्ष मोजून घे आणि मूळ रजिस्टर संस्थेच्याच कपाटात नि संस्थेच्याच खात्यावर ठेव. कोणा संचालकाच्या खासगी ईमेलवर तर मुळीच नको.

आधारची झेरॉक्स उगाच मागू नकोस. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात खासगी माहितीला संमती घ्यायची आणि दिलेली संमती मागेही घेता येईल अशी तरतूद आहे, म्हणून लागेल तेवढंच घे.

हे सगळं सर्वसाधारण सभेत ठराव करून घे: माहिती कोण बघणार, बाहेर कोणाला द्यायची, कोणाच्या सहीने. मसुदा अजेंडा निघायच्या आधी मला पाठव, मी वाचून देते.

तुझी,
काकी