घरगुती व्यवसायासाठी मराठीत लोगो आणि वेबसाइट करून घ्यायचीये, चांगलं डिझाइन ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की फराळाच्या पदार्थांचा व्यवसाय आहे, दोन डिझायनरनी मिळून पाच-सहा लोगो पाठवलेत, सगळेच बरे वाटतायत आणि त्यानंतर वेबसाइटही करायचीये, तर निवडायचं कसं. मी काही डिझायनर नाही, कॉमर्स शिकलेय, पण पाट्या, लोगो, वेबसाइट निरखत बसायचा नाद शाळेपासूनचा आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी ते लोगो मोठ्या स्क्रीनवर बघणं बंद करा. डिझायनर लोगो दाखवताना कपावर, पिशवीवर, काचेच्या इमारतीवर लावून दाखवतात आणि तिथे काहीही झकासच दिसतं. तुमचा लोगो दिवसभर दिसणार आहे तो व्हॉट्सॲपच्या डीपीत, म्हणजे गोल कापलेला आणि चॅटच्या यादीत नखाएवढा. ब्राउझरच्या टॅबवर जे चिमुकलं चित्र येतं ना, फेविकॉन, ते तर मुळात 16 बाय 16 पिक्सेलचं. तेव्हा प्रत्येक लोगो एकेक दिवस डीपी म्हणून लावा आणि घरातल्या कुणाला तरी हातभर लांबून काय दिसतंय ते विचारा. मग त्याच लोगोची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. लाडू, चकली, तुळशीवृंदावन, नऊवारीतली बाई आणि त्यामागे उगवता सूर्य असं सगळं एकात कोंबलेलं असेल तर त्या झेरॉक्सवर नुसता डाग उरेल.

स्टेट बँकेचा लोगो आठवून बघा. निळा गोल, मधे छोटं भोक आणि त्यातून खाली गेलेली फट, कुलपात किल्ली घालायची जागा असते तशी. 1971 साली अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या शेखर कामतांनी तो केला. रबरी शिक्क्यात, पासबुकावर, एटीएमच्या पाटीवर, चालत्या एसटीच्या खिडकीतून, कुठूनही बघा, ओळखू येतोच, आणि शाळेतल्या पोराला कंपासपेटी दिली तर तोही काढून दाखवेल. माझ्या मते आपल्याकडचा तो सगळ्यात चांगला लोगो आहे.

आता एक डिझायनर तुम्हाला म्हणाला ना की आजकाल साधी सरळ इंग्रजी अक्षरंच चालतात, ते अर्धं खरं आहे. गूगलने 2015 मध्ये लोगोतल्या अक्षरांच्या टोकांची नक्षी काढून टाकली, कारण लहान स्क्रीनवरही अक्षरं नीट दिसायला हवी होती, ते पटण्यासारखं होतं. पण मग ज्याला त्याला तेच हवं झालं. बरबेरीसारख्या जुन्या ब्रिटिश कंपनीनेही 2018 मध्ये आपली अक्षरं तशीच सपाट करून घेतली आणि 2023 मध्ये ती परत जुन्या वळणाकडे आणि आपल्या चिन्हातल्या घोडेस्वाराकडे वळली. एवढ्या मोठ्या कंपनीला ते परवडलं, तुमची पाकिटं एकदा छापली की तेच नाव गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत बसणार.

आणि तुमचं नाव मराठी आहे, तर अक्षर मराठीच ठेवा आणि पैसे चित्रापेक्षा अक्षरावर घाला असं मी अगदी कळकळीने सांगेन. आमच्या गावात पाट्या रंगवणारे एक पेंटरकाका होते. पत्र्याला आधी पांढरा हात मारायचे, तो वाळला की खडूची पूड लावलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून धरायचे आणि मधे चिमटीत धरून सोडायचे, टप्प असा आवाज यायचा आणि पत्र्यावर एक सरळ रेघ उमटायची. ती शिरोरेघ. मग सगळी अक्षरं त्या रेघेला लटकवत जायचे, आणि खाली उकारासाठी किती जागा सोडायची, वर वेलांटी कुठपर्यंत जाईल हे त्यांच्या हातातच होतं. आता बऱ्याच मराठी वेबसाइटवर नेमकं तेच मोडलेलं दिसतं. इंग्रजीत शोभतं म्हणून दोन अक्षरांत फट वाढवतात आणि शिरोरेघ तुकडे तुकडे होऊन पडते. बटणाची उंची इंग्रजी शब्दाला मोजून ठेवतात आणि मराठी घातलं की वरचे रफार नि खालचे उकार कापले जातात. असं दिसलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात, फक्त कुणीतरी बघायला हवं.

फॉण्टचं म्हणाल तर विंडोजबरोबर येणारा मंगल हा आपल्या र. कृ. जोशींनी केलेला, अक्षरांच्या कामातला फार मोठा माणूस, पण तो स्क्रीनवरच्या बारीक मजकुरासाठी आहे, तोच ताणून पाकिटावर छापू नका. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉण्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्ता आणि बालू फुकट मिळतात, टिरो देवनागरी मराठी तर नावातच मराठी घेऊन आलाय. ल आणि श तेवढे बघून घ्या. आपला ल पाकळ्यांचा आणि श देठाचा, शासनाच्या 2009 च्या निर्णयातही हीच रूपं धरलीत, पण पुष्कळ फॉण्ट आपोआप हिंदी वळणाची दाखवतात. वेबसाइटच्या कोडमध्ये भाषा हिंदी न लिहिता मराठी लिहिली तर काही फॉण्ट ही अक्षरं स्वतःहून बदलतात, हे डिझायनरला आवर्जून सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि ऱ्य! माझ्या मावसबहिणीचा मसाल्याचा व्यवसाय आहे, तिने हॉटेलवाल्यांसाठी मोठं पाकीट काढलं, त्यावर ‘आचाऱ्यांसाठी खास’ असं हवं होतं आणि छापून आलं ‘आचार्यांसाठी खास’. दोन हजार पाकिटं. प्रेसवाला म्हणे एवढंसं तर आहे, कोण बघतंय, पण ताईला दोन दिवस जेवण गेलं नाही कारण तिच्या लेखी ते तिचं नाव खराब झालं होतं. कारण अगदी बारीक होतं, साधा र जोडला की डोक्यावर रफार येतो, ‘ऱ्य’मधला हा आडवा र पाहिजे असेल तर टिंबाचा ऱ घेऊन तो पुढच्या अक्षराला जोडावा लागतो. तुमच्या मजकुरात ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘पुऱ्या’ असे शब्द येणारच, ते स्वतः वाचा, डिझायनरवर सोडू नका.

फाइल घेताना जेपीजी घेऊन गप्प बसू नका, एसव्हीजी किंवा व्हेक्टर पीडीएफ, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली फाइल मागा, म्हणजे उद्या टेम्पोवर लावला तरी फाटणार नाही. आणि वेबसाइटचा मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा टायपिंगमध्ये, जुन्या फॉण्टमध्ये कोरलड्रॉ या छपाईवाल्यांच्या सॉफ्टवेअरला टाइप केलेलं तसंच उचललं की साइटवर कचरा दिसतो, मग ते लपवायला मजकुराचं चित्रच करून चिकटवतात, जे ना गूगलला धड सापडतं ना आजींना मोठं करून नीट वाचता येतं.

साइट तर लहानच ठेवा. काय मिळतं, केवढ्याला, कधीपर्यंत पोचेल, आणि फोन नंबर, ज्यावर बोट ठेवलं की कॉल लागला पाहिजे. पहिल्याच पानावर सरकणारे फोटो, नोटिफिकेशनची परवानगी, ‘फक्त 5 मिनिटं उरली’ असलं घड्याळ यातलं काहीही नको. खोटी घाई दाखवायला तर केंद्र सरकारच्या 2023 च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या नियमांत मनाई आहे, तिथे असे 13 प्रकार दिलेत. मी स्वतः फायरफॉक्समध्ये बातमी उघडली की सरळ रीडर व्ह्यू लावते, म्हणजे जाहिराती जाऊन नुसता मजकूर उरतो, कारण वाचता वाचता मधेच जाहिरात लोड होते, ओळ खाली सरकते आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. तुमच्या साइटवर कुणाला असं पळून जावं लागू नये. तयार झाली की घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, वायफाय बंद करून, भर उन्हात उभं राहून उघडा आणि चकलीचा भाव सापडायला किती वेळ लागतो ते बघा.

डीपी आणि झेरॉक्स झाल्यावर त्या पाच-सहातले जे दोन उरतील त्यांचे फोटो इथे खाली टाका, ल, श आणि काना-मात्रा बघून सांगते.