चार फुटी टाकीत सेव्हरम पाळून घरीच पिल्ले काढता येतील का?

आपण लिहिले आहे की गोव्यात डिचोलीजवळच्या घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी आहे, पाणी विहिरीचे आहे, मोठा पण भांडखोर नसलेला सिक्लिड (अंडी-पिल्ले राखणाऱ्या माशांचे एक कुळ) पाळायचा आहे आणि दुकानदाराने सेव्हरम सुचवला आहे. पुढेमागे पिल्लेही घरीच काढायची आपली इच्छा आहे. हे जमण्यासारखे आहे. मी फोंडा तालुक्यात बऱ्याच वर्षांपासून हाच मासा पाळत आलो आहे, म्हणून आपल्याकडच्या पाण्याला आणि हवेला धरूनच उत्तर देतो.

आपल्या टाकीत साधारण अडीचशे लिटर पाणी मावते. पूर्ण वाढलेला सेव्हरम सुमारे वीस सेंटिमीटर लांब होतो, शिवाय त्याचे शरीर ताटलीसारखे उंच असते. त्यामुळे एवढ्या टाकीत शेवटी एक जोडी सुखाने राहील, दोन जोड्या राहणार नाहीत. दुकानातून मात्र जोडी आणू नये. चार-पाच सेंटिमीटरची पाच-सहा पिल्ले एकत्र आणावीत, वाढू द्यावीत आणि आपला जोडीदार त्यांनाच निवडू द्यावा. हा मासा जोडी जमवून राहणारा आहे आणि आपण लावून दिलेली जोडी त्याला पटेलच असे नाही. न पटलेल्या नर-मादीत एकाचे पर फाटेपर्यंत पाठलाग चालतो, तर आपण होऊन जमलेली जोडी पुढे अनेकदा अंडी घालते. जोडी ठरली की ती ओळखू येते, कारण दोघे मिळून टाकीचा एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना तिथून हुसकावतात. त्या वेळी उरलेले मासे दुसरीकडे देण्याची सोय आधीच करून ठेवावी.

नर-मादी ओळखायची झाल्यास हिरवट सेव्हरमच्या नराच्या गालांवर आणि कल्ल्यांच्या झाकणांवर किडा सरपटत गेल्यासारख्या वेड्यावाकड्या तांबूस रेघा असतात. मादीचे गाल कोरे असतात आणि तिच्या पाठीवरच्या परावर बहुधा गडद डाग असतो. सोनेरी जातीत हे इतके स्पष्ट दिसत नाही, म्हणून तिथे तर पाच-सहा पिल्ले घेण्याला पर्यायच नाही. दोन माद्या एकमेकींशी जोडी करून दोघीही अंडी घालतात असेही घडते. दर वेळी झाडून सगळी अंडी न फळता पांढरी पडत असतील तर प्रथम ही शंका घ्यावी. दुकानात सेव्हरम म्हणून मिळतो तो शास्त्रीय नावाने जवळजवळ नेहमी हेरॉस एफासिएटस असतो. खरा हेरॉस सेव्हरस वेगळा आहे, तो पिल्ले तोंडात सांभाळतो आणि आपल्या बाजारात सहसा दिसत नाही.

आता पाण्याविषयी, कारण आपल्या प्रश्नात माझ्या दृष्टीने हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. सेव्हरम अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, म्हणजे मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यातला मासा आहे. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणीही बहुतेक असेच असते, तेव्हा इतर ठिकाणच्या लोकांना जे पाणी मुद्दाम तयार करावे लागते ते आपल्या अंगणातच आहे. फक्त त्यात एक धोका आहे. अशा पाण्यात क्षार फार कमी असल्याने आम्लता रोखून धरण्याची ताकद नसते. टाकीतल्या घाणीमुळे आम्लता हळूहळू वाढत जाते, आणि पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सहाच्या बराच खाली गेला की फिल्टरमधले घाण पचवणारे उपयोगी जिवाणू मंदावतात. यावर आपल्या घरात सहज मिळणारा उपाय आहे. खाण्याच्या तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या स्वच्छ धुवाव्यात, उकळाव्यात आणि त्यांतली लहानशी मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवावी. आम्लता वाढू लागली की शिंपली थोडी थोडी विरघळते आणि पीएच कोसळू देत नाही. याहून जास्त शिंपल्या घालू नयेत, नाहीतर पाणी जड होईल. पीएच साडेसहा ते सातच्या दरम्यान स्थिर राहिला की पुरे, एखादा नेमका आकडा गाठण्यासाठी रोज औषधे ओतणे मी सर्वथा गैर मानतो.

विहिरीतून काढलेले पाणी थेट टाकीत घालू नये. त्यात विरघळलेला प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, काही विहिरींत लोहही असते. पिंपात भरून रात्रभर त्यात हवा सोडावी, म्हणजे लोह असल्यास तांबूस गाळ होऊन तळाशी बसेल. नळाचे पाणी वापरायची वेळ आली तर क्लोरिन घालवणारे औषध आवश्यक आहे. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. माशांच्या घाणीपासून होणारे नायट्रेट पाण्यात साचू दिले तर या माशांच्या डोक्यावर बारीक खड्डे पडू लागतात, आणि एकदा पडलेले व्रण पुरते भरून येतीलच असे नाही. मृगाचे पहिले पाऊस पडून विहिरीचे पाणी गढूळ होते तेव्हा थोडे दिवस कमी कमी पाणी बदलावे आणि आधी पिंपात साठवलेले वापरावे. पावसाळ्यात वीज किती वेळ जाते हे आपल्याला सांगायला नको, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असायलाच हवा.

हीटर वर्षातून थोडाच काळ लागतो. पौष-माघात डिचोली, सत्तरीकडे रात्री चांगल्याच गार होतात, तेवढ्या दिवसांत २६-२७ अंशांवर ठेवावा. मे महिन्यात पाणी तापले तर हवा वाढवावी आणि झाकण थोडे उघडे ठेवावे.

खाण्याच्या बाबतीत सेव्हरमचा कल भाजीपाल्याकडे आहे. स्पिरुलिनायुक्त पेलेट हा मुख्य आहार, जोडीला सोललेला वाफवलेला मटार, पालक, काकडी. सुंगटांचा (कोळंबीचा) बारीक तुकडा आठवड्यातून एखाद वेळ चालतो. टाकीत नाजूक वनस्पती लावू नयेत, तो त्या फस्त करतो. सोबत्यांमध्ये जिओफॅगस किंवा ब्रिसलनोज प्लेको बरे, परंतु पिल्ले काढायची असतील तर जोडी एकटीच ठेवणे उत्तम. भांडखोर फ्लॉवरहॉर्न मुळीच नको, आणि निऑन टेट्रा तर सेव्हरमच्या तोंडात मावतो.

साधारण वर्ष-दीड वर्षाचे झाल्यावर मासे अंडी घालू लागतात. त्यासाठी एक सपाट गुळगुळीत दगड तिरका टेकवून ठेवावा. अंडी घालण्याआधी जोडी तो दगड तोंडाने घासून स्वच्छ करते, इतकी की त्यावरचे शेवाळे जाऊन एक स्पष्ट वर्तुळ उमटते. मग मादी पोट दगडाला टेकवून पुढे सरकत ओळीने अंडी चिकटवत जाते आणि नर तिच्या मागून त्याच रेषेवरून फिरतो. अंडी काही शेकड्यांत असतात. दोघेही पाळीपाळीने परांनी त्यांना वारा घालतात आणि पांढरी पडलेली वेचून खातात. २८ अंशांच्या आसपास दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. नंतर आईबाप वळवळणारी पिल्ले तोंडात उचलून वाळूत खणलेल्या खड्ड्यात नेऊन ठेवतात, आणि पुढच्या पाच-सहा दिवसांत पिल्ले पोहू लागतात. या काळात एरवी शांत असलेली ही जोडी आपल्या हातावरही धावून येईल. ते स्वाभाविक आहे, तेव्हा टाकीत विनाकारण हात घालू नये.

नव्या जोडीने पहिली अंडी खाऊन टाकली तर निराश होऊ नये, आणि घाईने अंडी काढूनही घेऊ नयेत. पिल्ले कशी सांभाळावीत हे ती दोन-चार खेपांत शिकते, आणि आईबापांमागे थव्याने फिरणारी पिल्ले पाहणे हाच हा मासा पाळण्यातला खरा आनंद आहे असे मला मनापासून वाटते. आपल्या मानशींत (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दरवाजांपाशी) आणि खाजणांत (खाडीकाठच्या खारजमिनींत) सापडणारा काळुंदर हाही सिक्लिडच आहे आणि तोही अशीच पिल्ले राखतो. पण काळुंदर मचूळ पाण्यातला, म्हणून दोघांना एका टाकीत घालू नये. चार-पाच खेपा वाया गेल्यावरच दगड वेगळ्या लहान टाकीत हलवावा, अंड्यांजवळ हलकी हवा सोडावी आणि बुरशी टाळण्यासाठी पाण्यात थोडे मिथिलिन ब्लू घालावे.

पोहू लागलेल्या पिल्लांना अंड्यांतून नुकताच फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला अगदी बारीक कोळंबीसारखा जीव) दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा द्यावा. लिटरभर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम मीठ घालून खालून जोरात हवा सोडली की आपल्या हवेत तो दिवसभरात फुटतो, आणि मीठ म्हणून मिठागरातले खडे मीठच चांगले. पिल्लांच्या टाकीला स्पंज फिल्टर लावावा, म्हणजे ती ओढली जात नाहीत, आणि रोज थोडे पाणी बदलावे.

अंडी पडण्याआधीच एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे एवढी पिल्ले जाणार कुठे. एका खेपेची सगळी वाढवण्याचा आग्रह धरू नये. तीस-चाळीस निगुतीने वाढवावीत, तीन-चार सेंटिमीटरची झाली की दुकानदाराला किंवा ओळखीच्या मत्स्यपालकांना द्यावीत, आणि घेणारे नक्की होईपर्यंत पुढच्या खेपेसाठी दगड टाकीत ठेवू नये. उरलेली पिल्ले देवळाच्या तळीत, ओढ्यात किंवा नदीत कदापि सोडू नयेत. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज तो देशातल्या कितीतरी तळ्या-नद्यांत देशी माशांच्या जागा अडवून बसला आहे. आपल्या टाकीचा आणि विहिरीच्या पाण्याचा पीएच मोजून इथे कळवलात तर किती शिंपल्या घालाव्यात याचा अधिक नेमका अंदाज मी देऊ शकेन.