खणावरचा नमुना आणि चिरंजीवांची वही

पत्र : “माझं मांडवीजवळ हार्डवेअरचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. मुलगा यंदा बारावीत, कॉमर्सला. दहावीत ८१ टक्के होते, अकरावीत ६४वर आला. रात्री गेम खेळतो, ते एक वेळ समजू शकतो. पण खेळून झालं की वहीत त्या गेममधल्या थैलीची चित्रं काढत बसतो. तलवार कुठे, औषधाची बाटली कुठे, माऊसचं कुठलं बटण दाबलं की काय होतं, असलं सगळं. म्हणतो, यातच करिअर करणार. सीएचा फॉर्म भरायला तयार नाही, वर लाखाचा कॉम्प्युटर मागतो. माऊस कुठे फिरवायचा हे ठरवण्याचा कुणी पगार देतं का? वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवतो.” — एक वडील, वडोदरा

नमस्कार,

देतात. किती जणांना देतात आणि कुठे, ते पुढे सांगते. आधी वहीबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रापेक्षा मी त्या फोटोंवर जास्त वेळ घालवला.

मला स्वतःला हे गेम येत नाहीत. एका जुन्या विद्यार्थ्याने हौसेने शेजारी बसवून एक खेळायला दिला, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत मी हातातली तलवार जमिनीवर टाकली आणि ती उचलायची कशी ते न कळल्यामुळे मेले. तो हसला. तुमचा मुलगा हसला नसता असं वाटतं. त्याच्या चौथ्या पानावर लिहिलंय, “पाव खायला सात क्लिक. का?” आणि खाली तेच काम दोन क्लिकमध्ये करून दाखवणारं चित्र. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा तो “का?” मला आवडला.

आता तुमच्या दुकानाकडे या. मी तिथे आलेले नाही, पण मांडवी-रावपुऱ्यातली जुनी हार्डवेअरची दुकानं पाहत मोठी झाले. भिंतभर लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना अडकवलेला : बिजागरी, कडी, वायसर, दीड इंची स्क्रू. नाव लिहिलेलं नाही, वस्तूच दिसते. दिवसाला पन्नास वेळा लागणारे खिळे गल्ल्याजवळ, हाताच्या उंचीवर. वर्षातून दोनदा खपणारं पितळी हॅण्डल शिडी लावून काढायचं. महाग वस्तू गिऱ्हाइकाचा हात पोचणार नाही अशा कपाटात. ही मांडणी तुमच्या आजोबांनी एका दिवसात केली नसेल. कितीतरी गिऱ्हाइकं ताटकळल्यावर, एकेक खण हलवत ती बसली असेल. चिरंजीव वहीत तेच करतोय. त्याच्या भाषेत याला इन्व्हेंटरी म्हणतात, आणि तुमच्या हिशेबाच्या भाषेतही तोच शब्द आहे!

हाताच्या या हिशेबाला शास्त्र आहे. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली नियम मांडला : एखाद्या जागेपर्यंत हात न्यायला लागणारा वेळ, ती जागा किती लांब आहे आणि किती मोठी आहे यावर ठरतो. लांब आणि बारीक असेल तर वेळ जास्त. माऊसच्या बाणालाही हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. म्हणून पडद्याच्या कडेला चिकटवलेलं बटण सापडायला सोपं जातं. बाण कितीही जोरात ढकलला तरी कडेपलीकडे जात नाही. मुलाने हा नियम वाचलेला दिसत नाही, पण सातव्या पानावर त्याने रोजच्या औषधाची बाटली कोपऱ्यात सरकवली आहे.

तो खेळतो त्या फर्स्ट पर्सन गेममध्ये आणखी एक पेच असतो. पडद्यावर जे दिसतं ते खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसतं, आणि माऊस हलवला की मान वळते. पण थैली उघडली की त्याच माऊसने वस्तू उचलायच्या. हात एक, कामं दोन. हा पेच लोकांनी किती तऱ्हांनी सोडवला हे त्याने क्रमाने बघावं, नुसतं खेळू नये.

१९८७चा डंजन मास्टर हा गेम घ्या. त्यात चौकट-चौकट चालायचं असल्यामुळे बाण कायम मोकळा. समोर पडलेला पाव बाणाने उचला, थैली उघडल्यावर दिसणाऱ्या तोंडाच्या चित्रावर सोडा, खाल्ला गेला. डोळ्याच्या चित्रावर नेला तर त्याची माहिती. मला हे लगेच समजलं असतं! १९९२च्या अल्टिमा अंडरवर्ल्डमध्ये बाण चित्राच्या मध्यापासून जितका दूर, तितका चालण्याचा वेग. १९९६च्या क्वेकनंतर माऊस म्हणजेच मान ही सवय रुळत गेली आणि बाण पडद्यावरून गायब झाला. मग तो परत आणायचा कसा? १९९९च्या सिस्टम शॉक २मध्ये टॅबची कळ दाबली की बाण येतो आणि थैली उघडते, पण खेळ थांबत नाही. तुम्ही थैलीत हात घालून उभे आणि मागून राक्षस येतो. भीती वाटावी म्हणूनच तसं ठेवलंय. उलट २००२च्या मोरोविंडमध्ये उजवं बटण दाबलं की खेळ थांबतो आणि नकाशा, सामान, मंत्र, माहिती अशा चार खिडक्या उघडतात, हव्या तशा सरकवता येणाऱ्या. दोन्हींत बरोबर कोणतं? मुलाला विचारा. “गेमवर अवलंबून आहे” म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारा : कशावर अवलंबून? तिथे तो दहा मिनिटं बोलू शकला, तर या पत्रातली अर्धी चिंता मिटली समजा.

त्याची सगळ्यात जास्त चिडचिड २०११च्या स्कायरिमवर आहे, आणि ती योग्य आहे. तिथली सामानाची लांबलचक यादी सोफ्यावर बसून हातातल्या कंट्रोलरने, लांबच्या टीव्हीवर वापरायला सोयीची. टेबलाशी माऊस घेऊन बसलेल्याला मात्र ती खाली-खाली ढकलत बसावी लागते. शेवटी खेळणाऱ्यांनीच स्काययूआय नावाची बदली मांडणी तयार केली : वजन-किमतीचे रकाने, क्रम लावायची सोय, शोधायची जागा. कंपनीने नेमलेले नव्हते ते लोक, गिऱ्हाइकंच होती. चिरंजीवाला त्या रस्त्याने जाता येईल.

पण वहीत एक मोठी उणीव आहे, ती स्पष्ट सांगते. छत्तीस पानांत एकच माणूस आहे : तो स्वतः. त्याला काय खटकलं, त्याचा हात कुठे अडकला. हे काम दुसऱ्याच्या हातासाठी असतं. स्वतःची चिडचिड पुष्कळांना लिहिता येते. दुसरा अडखळला की “असं दाब ना!” म्हणून माऊस हिसकावून न घेणं फार थोड्यांना जमतं. तुमच्या दुकानात नवा पोऱ्या चुकीचा खण उघडतो, तेव्हा तुम्ही पोऱ्याला रागावता की नमुना बदलून बघता? मुलाला हे दुकानातच शिकता येईल. रविवारी सकाळी दोन तास गल्ल्यामागे बसवा आणि विकायला लावू नका. कोणतं गिऱ्हाईक कुठे बोट दाखवतं आणि कोणता खण दोनदा चुकतो, एवढंच त्याने लिहायचं.

दुसरी परीक्षा घरी. गोडो नावाचं गेम बनवायचं इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, फुकट मिळतं आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतं. त्यात दिवाळीपर्यंत एक खोली बनवायची : टेबल, दहा वस्तू, एक थैली. युद्ध नको, ड्रॅगन नको. माऊसने मान वळली पाहिजे, थैली उघडली की बाण आला पाहिजे, आणि थैली बंद करताना नजर झटक्याने भलतीकडे वळता कामा नये. हा शेवटचा मुद्दा ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण नवशिके तिथेच फसतात. वस्तू ओढता ओढता थैलीबाहेर सुटली तर काय होणार? जमिनीवर पडणार की परत जागेवर जाणार? धनुष्याच्या वीस बाणांतले पाचच हवे असतील तर? हे त्याने ठरवायचं. मग आईला, आजीला, पोऱ्याला बसवायचं, आपण तोंड मिटून मागे उभं राहायचं आणि हात कुठे थांबतो ते टिपायचं. बदलायचं, पुन्हा बसवायचं. पहिला, दुसरा, तिसरा आराखडा आणि प्रत्येकात काय फसलं, हे सगळं जपून ठेवायचं. मुलाखतीत गुळगुळीत चित्रांपेक्षा या फसलेल्या आवृत्त्या जास्त कामाला येतात. दिवाळीपर्यंत खोली झालीच नाही, तर गेम खेळणं हा छंद आहे असं मानून पुढे चला. तेही वाईट नाही.

आता नोकरीचं. निव्वळ माऊस आणि थैली यांवर आयुष्य काढणारी माणसं मोजकी असतात, बहुतेक परदेशातल्या मोठ्या स्टुडिओत. आपल्याकडचा गेमचा धंदा मुख्यतः मोबाइलचा, आणि मोबाइलला माऊसच नाही. बोट नुसतं वर धरून माहिती दिसत नाही, उजवं बटण नाही, आणि ज्या वस्तूला हात लावायचा तीच बोटाखाली झाकली जाते. म्हणून त्याने माऊसच्या प्रेमात पडू नये. हात, डोळा आणि वस्तू यांचं नातं शिकावं. जाहिरातीत पदाचं नाव यूआय डिझायनर, यूएक्स डिझायनर किंवा यूआय प्रोग्रामर असं असतं. यूआय म्हणजे पडद्यावरची बटणं आणि मांडणी, यूएक्स म्हणजे वापरणाऱ्याला येणारा अनुभव. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८पासून आहे, बंगळुरू-हैदराबादलाही मोठ्या कंपन्या आहेत. गेममध्ये जागा मिळाली नाही तर हेच कौशल्य बँकेच्या अ‍ॅपला आणि दवाखान्याच्या सॉफ्टवेअरलाही लागतं. या कारणासाठीच मी तुम्हाला सरळ नकार देत नाहीये.

शिक्षणासाठी कॉमर्स आड येत नाही. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या मुलाला देता येते. फॉर्म साधारण ऑक्टोबरात, परीक्षा उत्तरायण उरकल्यावर जानेवारीत. त्यातून मुंबई, गुवाहाटी, हैदराबाद अशा आयआयटींत आणि जबलपूरच्या ट्रिपल आयटीत डिझाइनची पदवी करता येते. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी, आणि ती संस्था जिथे आहे ते अहमदाबाद तर आपल्यापासून दोन तासांवर. शिवाय घराजवळ सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे, तिथला अप्लाइड आर्ट्स विभाग विसरू नका. बडोद्याची मुलं तो हाताशी आहे म्हणूनच विसरतात. तिन्हीकडे हाताने चित्र काढता येणं लागतं, म्हणून पेन्सिल आजपासून. तिन्ही हुकलं तर बीसीए ही कॉम्प्युटरची पदवी करून सोबत गोडो चालू ठेवता येईल. एनआयडीच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे, तो दरवाजा पदवीनंतरही उघडा असतो. “शंभर टक्के नोकरी”चा फलक लावून एक वर्षात गेम डिझायनर बनवणाऱ्या क्लासला मात्र आत्ता पैसे भरू नका.

६४ टक्क्यांबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही. या परीक्षांची गुणवत्ता यादी बोर्डाच्या टक्क्यांवर लागत नसली तरी बारावी नीट पास व्हावीच लागते, आणि रात्री दोनपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी अकाउंट्स येत नाही. सीएचा फॉर्म तुमच्या समाधानासाठी भरायला लावू नका. अर्ध्या मनाने सीए होत नाही, वर्षं तेवढी जातात.

राहिला लाखाचा कॉम्प्युटर. आत्ता घेऊ नका, एका खोलीच्या गेमला तो लागत नाही. माऊस मात्र नवा घ्या. अकराव्या पानाच्या कोपऱ्यात त्याने बारीक अक्षरात लिहिलंय की जुन्याचं डावं बटण एकदा दाबलं तर कधीकधी दोनदा लागतं. असल्या माऊसवर त्याचे सात क्लिक खरे किती होते, ते त्यालाही सांगता येणार नाही.